पान वेगळं, यादी तीच

भोर,
रविवार, सकाळ

प्रिय शेफाली,

हा तिसरा कागद आहे. आधीच्या दोन्हींवर हात सवयीनं 'चि. सौ.' लिहून गेला आणि मग पुढचं काही लिहवेना. पाटबंधारे खात्यात आरेखक होतो तेव्हा रेघ चुकली की ब्लेडनं हलकेच खरवडून काढायचो, कागदाला कळायचंही नाही. ही अक्षरं मात्र खरवडवेनात, म्हणून कागदच फाडले. आता नुसतं 'प्रिय' लिहिलंय. ते अजून तरी चुकीचं ठरलेलं नाही.

इकडे सगळं ठीक. नीरेचं पाणी खाली गेलंय, सकाळी घाटावर धुकं असतं. पद्मजाचा गुडघा थंडीत दुखतो, पण ती ते कबूल करत नाही. जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभी राहते. तुमच्याकडे भात झोडून झालं असेल. तुझ्या आईचा, अंबूबाईंचा, उजवा हात आता कितपत उचलला जातो? दिवाळीच्या आधी कापूरहोळच्या फाट्यावर गेनबा दिसले होते. मी एसटीत, ते खाली टेम्पोत पोती चढवत होते. मी खिडकीतून हात वर केला. त्यांनी पाहिलं की नाही, कळलं नाही. पाहून न पाहिल्यासारखं केलं असलं तरी माझं काही म्हणणं नाही. व्याही म्हणून हाक मारायची सोय आता उरलेली नाही, आणि नुसतं 'अहो गेनबा' म्हणायला जीभ वळली नाही.

परवा एक मुलगा आला होता घरी, बारावी झालेला. म्हणाला, काका, वेबसाइट करायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू? मी त्याला सांगायला बसलो आणि माझ्या लक्षात आलं की मी तुझीच वाक्यं बोलतोय. तुला आठवतं? निवृत्तीनंतर लोक मला रक्तासाठी फोन करायचे. वरंधा घाटात गाडी घसरली, हिर्डोशीची बाळंतीण अडली, की कुणीतरी म्हणायचं, उपेंद्रकाकांना लावा, त्यांना सगळ्यांचे रक्तगट पाठ आहेत. होतेही. मग एकदा मी आजारी पडलो, फोन बंद होता, आणि एका घराला नाव मिळायला फार उशीर झाला. तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, हे तुमच्या डोक्यात नको राहायला. आपण साइट करू. भोर आणि वेल्हे, दोन्ही तालुक्यांची. आणि करणार तुम्ही, मी नाही."

जेवणाच्या टेबलावर तू माझ्या लॅपटॉपवर दोन फोल्डर केलेस. एकाचं नाव 'पुढे', दुसऱ्याचं 'मागे'. पुढे म्हणजे माणसाला दिसतं ते सगळं: नावाची चौकट, गावाची चौकट, फोन नंबरची चौकट, रक्तगटाची यादी, हिरवं बटण. मागे म्हणजे जे दिसत नाही ते: आलेलं नाव घेणारा, तपासणारा आणि जपून ठेवणारा प्रोग्राम. मी लगेच म्हटलं, म्हणजे धरण आणि कालवा म्हण की. तू म्हणालीस, "धरण राहू द्या बाबा. आधी बटण दाबा." दाबलं. काहीच झालं नाही. मी पुन्हा दाबलं, जरा जोरात. तू हसलीस. "कितीही दाबलंत तरी होणार नाही. पलीकडे ऐकायला अजून कुणी बसवलेलंच नाही." मग तू मागचा प्रोग्राम लिहिलास, एका काळ्या खिडकीत चालू करून ठेवलास, आणि मी पुन्हा बटण दाबलं, तर पडद्यावर लाल ओळी. तू सांगितलंस की पान एका पत्त्यावर आहे आणि मागचा प्रोग्राम दुसऱ्या. मागच्यानं आपण होऊन परवानगी दिल्याशिवाय ब्राउझर ह्या दोघांना बोलू देत नाही. स्वयंपाकघरातून पद्मजा म्हणाली, "बरोबरच आहे. परक्या घराशी परस्पर बोलणी कशी करायची?" तू त्या परवानगीची एक ओळ लिहिलीस, मी बटण दाबलं, आणि काळ्या खिडकीत माझं नाव उमटलं. उपेंद्र, भोर, बी पॉझिटिव्ह. चाळीस वर्षं नकाशे काढले, त्यावरून कालवे गेले, पण स्वतःचं नाव इकडून तिकडे गेलेलं पाहून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

त्या दिवसांत मी एक प्रश्न विचारला होता. रक्तगट भरला नाही तर पुढच्या पानावर सूचना येते, 'रक्तगट भरा' म्हणून. मग तीच तपासणी तू मागेही पुन्हा कशाला लिहितेस? तू म्हणालीस, "पुढचं पान कुणीही बदलू शकतं. खरी राखण मागेच करावी लागते." मला ते पटलं. पटलं, पण शिकलो मी पुढचंच. रंग, चौकटी, अक्षरांचा आकार, ह्यात माझा हात बसला. मागचं काही आलं की मी म्हणायचो, ते तू बघ. आणि तू बघायचीस. मागचा प्रोग्राम तुझ्या खात्यावर राहिला, नाव जपण्याची जागा तुझ्या खात्यावर, कुणी नवीन नाव नोंदवलं की मेलही तुलाच. तू त्या माणसाला फोन करून खात्री करायचीस. लोक मात्र माझी पाठ थोपटायचे. ह्या वयात काय काम केलंत काका! मी 'सुनेनं शिकवलं' म्हणायचो, पण ते अशा आवाजात की त्यांना तो माझा विनय वाटावा.

मग गेल्या वर्षीचं सगळं. त्याबद्दल मी आज लिहीत नाही. तू आणि प्रद्युम्न, दोघांनीही समजुतीनं घेतलंत, कागदांवर सह्या केल्यात, कुणी कुणाला वाईट बोललं नाही. अंबूबाईंना अर्धांगाचा झटका आला, तू माहेरी, विंझरला राहून काम करू लागलीस, प्रद्युम्नला पुण्याच्या घरात एकटं वाटू लागलं. प्रत्येक वाक्य खरं आहे आणि तरी सगळी मिळून काहीतरी खोटं होतात. मी त्या बैठकीत शेवटपर्यंत बसलो होतो आणि फक्त चहा कुणाला हवा ते विचारलं. असो. आश्चर्य ह्याचं की साइट चालूच राहिली. तू ती बंद केली नाहीस, मी तुला विचारलं नाही. यादीत नवीन नाव दिसलं की खात्रीचा फोन मी करू लागलो. मेल तुला येत असणार हे मला ठाऊक होतं, पण न बोलता चाललंय तर चालू दे, असा मी विचार केला. ह्याला सोय म्हणतात. मी त्याला मनात वेगळंच नाव दिलं होतं. मी म्हणायचो, निदान एवढा तरी धागा आहे.

गेल्या महिन्यात आमच्या घरात एक कार्य ठरलं. प्रद्युम्नचा फोन आला. "बाबा, तुम्ही ती साइट केलीत ना, तसं एक छोटं पान करून द्याल का? कोण येणार, किती जण, एवढं कळलं की हॉलवाल्याला सांगता येईल." शेफाली, त्यानं त्या साइटला इतकी वर्षं 'बाबांचा विरंगुळा' म्हटलं होतं. पहिल्यांदा त्यानं मला माझ्या ह्या कामातलं काही मागितलं. मी इतका खूष झालो की काय मागितलंय हे माझ्या लक्षातच आलं नाही. नाही, हे खरं नाही. लक्षात आलं होतं. पण आनंद आधी आला आणि तो पुढे होऊन बसला.

मी आपला 'पुढे' फोल्डर तसाच्या तसा उचलला, दुसऱ्या नावानं ठेवला. हिरवं बटण तांबडं केलं. वर कलश काढला, चांगला जमला होता. रक्तगटाची चौकट काढून टाकली आणि 'किती जण येणार' अशी चौकट घातली. बटण दाबलं तर मागून उत्तर आलं, 'रक्तगट भरा'. तेव्हाच मी थांबायला हवं होतं. मागे कोण बसलंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण नवीन मागचा प्रोग्राम कसा उभा करायचा ते मला येत नव्हतं, आणि मुलाला 'येत नाही' म्हणायचं नव्हतं. मग मी पानाच्या आत, कुणाला दिसणार नाही असा, एक रक्तगट कायमचा लिहून टाकला. शिकवताना तू नमुन्यासाठी जो वापरायचीस तोच हाताशी होता, ओ निगेटिव्ह. 'किती जण' ही चौकट मागच्याला माहीतच नव्हती, तो ती टाकून देत होता, म्हणून आकडा गावाच्या नावाला जोडून पाठवला. 'कोथरूड, चार जण'. चाललं! मी पद्मजाला हाक मारून दाखवलं. नातेवाइकांना दुवा पाठवला, त्यांनी मुलीकडच्यांना पाठवला, आणि दोन दिवसांत काळ्या खिडकीत भराभर नावं उमटू लागली. रक्तदात्यांची यादी मी तेवढ्यात उघडलीच नाही. माझी समजूत अशी की पान वेगळं म्हणजे सगळंच वेगळं. इकडून निघालेलं प्रत्येक नाव जाऊन रक्तदात्यांच्याच यादीत बसतंय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. पानं कितीही करा, पाठवायचा पत्ता एकच असेल तर यादी एकच, ही पहिल्या आठवड्यातली गोष्ट. परवा त्या बारावीच्या मुलाला मी हीच सगळ्यात आधी सांगितली.

कोंडिबाचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. पासलीचा कोंडिबा, त्याला मी आधी ओळखत नव्हतो. त्याची सून पुण्याला दवाखान्यात, बाळंतपणात रक्तस्राव थांबत नव्हता, आणि लागत होतं ओ निगेटिव्ह. त्यानं साइट उघडली तर एरवी जिथं तीन नावं असायची तिथं भली मोठी यादी. बिचाऱ्याला देव पावल्यासारखं झालं असेल. तो म्हणाला, "सायेब, म्या वरपास्नं फोन लावत आलोय. येक बाई म्हनली, आमी चौगं येनार हाय, जेवनात गोड काय हाय? दुसरा म्हनला, आमी मुलीकडचे. आवं, हितं पोरगी जायला लागलीया आन् समदी लग्नाला निगाल्यात. रगत कुनी द्यायाचं?" मी काही बोलायच्या आत तोच पुढं म्हणाला, "खाली दोन नंबर हायती. आदी ताईंना लावला. त्या म्हनल्या, यादी बगू नका, बाबांना लावा, त्यांना नावं पाठ हायती."

शेफाली, मी गालाला साबण तसाच ठेवून नसरापूरच्या कुमारला फोन लावला. तो वर्कशॉप तसंच टाकून मोटारसायकलवर निघाला. दुसरं नाव आठवायला मला वेळ लागला, आणि ते आठवेपर्यंत मी घरभर फिरत होतो, मोठ्यानं गावांची नावं घेत, विंझर, मार्गासनी, नसरापूर, जणू काही गाव म्हटलं की माणूस बाहेर येईल. आला, चेलाडीचा एक शिक्षक आठवला, तोही गेला. बाई वाचली. मुलगी झाली, दोघी आता घरी आहेत. पण त्या दोन-तीन तासांत मला जे झालं ते मी कुणालाही सांगू शकलेलो नाही. चार दिवसांनी कोंडिबा पिशवीभर नवा तांदूळ घेऊन आला आणि माझ्या पाया पडायला वाकला. म्हणाला, तुमी व्हता म्हनून. मी मागं सरकलो. त्याला वाटलं, सोवळं असेल.

कोंडिबाचा फोन आला त्याच दिवशी दुपारी मी लॅपटॉप उघडला होता. ती सगळी नावं एकेक करून काढायची, भले रात्र होवो, असं ठरवून बसलो होतो. उघडून बघतो तर रक्तदात्यांची यादी स्वच्छ. ओ निगेटिव्हखाली पुन्हा तीच तीन नावं. मला वाटलं, पाहुण्यांची नावं गेली. तर तीही गेली नव्हती. त्यांची वेगळी यादी केलेली होती, गावापासून आकडा सोडवून 'किती जण' अशा वेगळ्या रकान्यात नीट बसवलेला, खाली बेरीजसुद्धा. माझं तांबडं बटण आता त्या यादीकडे जात होतं. बदलांच्या नोंदीत तुझं नाव होतं, सकाळची वेळ होती, म्हणजे कोंडिबाचा फोन तू ठेवलास आणि लगेच बसलीस. आणि एक ओळ लिहिली होतीस: 'बाबा, पाहुण्यांची यादी वेगळी केली. रक्तदात्यांत मिसळत होती.'

एवढंच. मी ती ओळ कितीदा वाचली असेन. त्यात रागाचा शब्द शोधत होतो, कुठं टोचेल असं काही. मग मला सुचलं की प्रत्येक नावामागे तुला मेल गेली असणार. एकेक पाहुणा. जोशीकाकूंचे सहा जण. सुमाआत्याचे तीन, जिनं तुझी ओटी भरली होती. दोन दिवस तुझ्या फोनवर ती नावं वाजत राहिली असणार, अंबूबाईंना भरवताना, काम करताना, आणि तू मला एक फोन करून 'बाबा, हे काय' असं विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर बरं झालं असतं, असं मी म्हणणार होतो. पण कुणासाठी बरं? माझ्यासाठीच.

मी पद्मजाला बोलावून दाखवलं. तिनं चष्मा लावला, यादी वरपासून खालपर्यंत वाचली. म्हणाली, "तिनं लावली ही? आपल्या पाहुण्यांची?" मी हो म्हटलं. "तिला सांगा," म्हणाली, आणि मग, "नको. काही सांगू नका. काय सांगणार." संध्याकाळी तिनं जेवायला वाढलं आणि स्वतः जेवली नाही. प्रद्युम्नलाही मी फोन केला. सगळं सांगितलं, रक्तगटाचं, कोंडिबाचं, तुझ्या ओळीचं. तो आधी म्हणाला, बाबा, मला काय माहीत मागे कोण आहे. ते खरंच आहे, त्याला कुणी सांगितलं होतं? मग विचारलं, "ती काही बोलली?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "ती बोलतच नाही. हेच तर," आणि फोन ठेवला. त्याचा आवाज मला ओळखीचा वाटला नाही.

ते पान मी त्याच दिवशी काढून टाकलं. राहिलेल्यांना पद्मजा फोनवरून विचारते आहे. आणि मी मागचं शिकतोय. पुस्तक समोर ठेवून, व्हिडिओ थांबवत थांबवत, चुकत. काल माझा स्वतःचा मागचा प्रोग्राम पहिल्यांदा उभा राहिला. त्याला विचारलं की तो नुसतं 'नमस्कार' म्हणतो, बाकी काही येत नाही. नावं जपायची जागा अजून जमलेली नाही, पण जमेल. जमली की आपली रक्तदात्यांची यादी मी तिथं हलवीन आणि तुझं खातं मोकळं होईल. आमच्या घरातली कुठलीही बातमी तुझ्या फोनवर अशी पुन्हा येता कामा नये. तुला ही साइट स्वतःची म्हणून ठेवायची असेल, तर ती सगळीच्या सगळी तुझी, मी फक्त नावं पाठ असलेला म्हातारा म्हणून राहीन. तू म्हणशील तसं. आमच्यासाठी म्हणून मात्र काही ठेवू नकोस.

पण हे एवढं तर मी मेलवरही कळवलं असतं. पत्र लिहायला बसलो ते एका वाक्यासाठी, आणि चार पानं झाली तरी त्याला वळसाच घालतोय. ठरलं त्याच दिवशी मी तुझ्याकडे यायला हवं होतं. विंझर काही लांब नाही. अंगणात उभं राहून, गेनबांनी आत बोलावलं नसतं तरी तिथूनच, तुला सांगायला हवं होतं. मी आलो नाही, आणि ते तुला माझ्या हातच्या एका फॉर्मनं सांगितलं, पाहुण्यांच्या नावांनी, तुकड्यातुकड्यानं. तुला माहीत आहे हे मला माहीत आहे, तरीही ते मी सांगितलेलं नाही. म्हणून आता सांगतो. शेफाली, प्रद्युम्नचं लग्न आहे, मार्गशीर्षातल्या शेवटच्या रविवारी, पुण्यात. मी जाणार आहे. अक्षताही टाकीन, तो माझा मुलगा आहे. हे तुला तोंडानं सांगायचं धैर्य मला झालं नाही, निदान हातानं लिहून देतो आहे.

तुझाच,
बाबा